विश्लेषण : सुट्टी पुण्यात, बॉयलर लंडनमध्ये… मोबाइलवरून नियंत्रण किती भरवशाचे?

डिसेंबरमध्ये लंडन, लेस्टर, मँचेस्टरमधली अनेक मराठी कुटुंबे तीन-चार आठवड्यांसाठी मायदेशी येतात आणि तिकडचे घर ऐन थंडीत रिकामे राहते. घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर पूर्ण बंद केला, तर पाइपातले पाणी गोठू शकते. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगते आणि पाइप तडकतो. खरा गोंधळ मात्र बर्फ वितळल्यावर, पाणी घरभर वाहू लागल्यावर होतो. बॉयलर नेहमीसारखा चालू ठेवावा, तर रिकाम्या घरासाठी गॅसचे बिल. म्हणून मोबाइलवरून नियंत्रणाचा पर्याय निवडला जातो.

आदेश बॉयलरपर्यंत कसा पोहोचतो?

भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी हाइव्ह, टाडो, नेस्ट यांसारखा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला जातो. पुण्यात अ‍ॅपवर तापमान वाढवले, की आदेश कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून घरातल्या राउटरवर आणि मग बॉयलरला जोडलेल्या रिसिव्हरवर. म्हणजे घरातली वीज आणि राउटर चालू हवेत. निघताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडची सवय इथे नडते.

नेट गेले तर?

बहुतेक थर्मोस्टॅट आधी ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसार चालत राहतात. त्यामुळे निघण्यापूर्वीच तापमान १२ ते १५ अंशांवर लावून ठेवणे शहाणपणाचे. घर रिकामे असताना काही विमा कंपन्या तशी अटच घालतात. घर सलग ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिल्यास भरपाईवर मर्यादा येऊ शकते, हेही पॉलिसीत पाहून ठेवावे.

अ‍ॅपला काय जमत नाही?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर जवळपास सगळे ‘कंडेन्सिंग’ प्रकारचे आहेत. त्यांतून निघणारे पाणी प्लास्टिकच्या पाइपातून, अनेकदा घराच्या बाहेरच्या भिंतीवरून, गटारात जाते. कडाक्याच्या थंडीत हा पाइप गोठतो आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. पाइपावर कोमट (उकळते नव्हे) पाणी ओतून बॉयलर रिसेट करणे एवढाच उपाय असतो, पण त्यासाठी तिथे माणूस लागतो. पुण्यातल्या मोबाइलवर फक्त घराचे तापमान १४, १२, ९ असे उतरताना दिसते. पाण्याचा दाब एक बारच्या खाली गेला, तरी झडप हातानेच उघडावी लागते. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवणे हा म्हणूनच अ‍ॅपइतकाच महत्त्वाचा भाग.

कंपनीवर किती विसंबायचे?

जानेवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे काही नेस्ट थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली आणि घरे गार पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिनलंडच्या लापेनरांता शहरात सायबर हल्ल्यामुळे दोन इमारतींची हीटिंग यंत्रणा ठप्प झाली. गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांची अ‍ॅपजोडणी बंद केली. ते थर्मोस्टॅट भिंतीवर चालतात, मोबाइलवरून नाही. प्रवासाआधी आपले मॉडेल तपासावे आणि पासवर्ड बदलावा, तो यासाठी.

परतताना काय?

१२ अंशांवरचे घर १९ अंशांवर यायला काही तास लागतात. हीथ्रोला उतरून बटण दाबले तर पहिली रात्र स्वेटरमध्येच जाईल. मुंबईत विमानात बसण्यापूर्वीच वेळ लावून द्यावी. मात्र वेळापत्रक ब्रिटनच्या घड्याळावर चालते आणि हिवाळ्यात ते भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते.