एकाच रुळावर दोन गाड्या : नेटवर्क ड्रायव्हरमधील अदृश्य शर्यत

जालना स्थानकावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० सालाच्या सुमारास, 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने मीटर गेजवर उभा राहिला. मार्ग एकेरी होता, म्हणजे दोन स्थानकांमधील एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या धावत. समोरासमोरची टक्कर टाळण्यासाठी भारतातील अशा एकेरी मार्गांवर टोकन पद्धत दीर्घकाळ वापरात होती. दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पलीकडच्या स्टेशन मास्तराने संमती दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून टोकनचा गोळा निघत नसे आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा गोळा काढता येत नसे. हातात टोकन नाही तर गाडी हलणार नाही, इतका हा नियम साधा होता.

संगणकाला इंटरनेटशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. तेथे 'रूळ' म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एखादी जागा आणि 'गाड्या' म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कार्यांचे धागे, अर्थात थ्रेड. दोन थ्रेड एकाच जागेत एकाच वेळी शिरले आणि निकाल कोण आधी पोहोचले यावर अवलंबून राहिला, तर त्या दोषास 'रेस कंडिशन' म्हणतात. किती थ्रेड एकत्र आले तरी ज्या सॉफ्टवेअरचे उत्तर बिघडत नाही, ते 'थ्रेड-सेफ' होय.

एक्केचाळीस अधिक दोन, बेरीज बेचाळीस

नेटवर्क ड्रायव्हर हा संगणकाची मुख्य प्रणाली आणि नेटवर्क कार्ड यांच्यामधील दुभाषी. आलेली माहितीची पाकिटे, म्हणजे पॅकेट, उचलणे, जाणारी पॅकेट रांगेत लावणे आणि दोहोंची मोजदाद ठेवणे ही त्याची कामे. सेकंदाला एक गिगाबिट क्षमतेच्या साध्या इथरनेट जोडणीवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेट आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार भरते. एवढ्या गर्दीत एका सेकंदाच्या लक्षांश भागातली गफलतही केव्हातरी घडतेच.

मोजदादीचेच उदाहरण घेता येईल. 'गणक एकने वाढव' ही आज्ञा दिसायला एक असली तरी प्रोसेसर ती बहुधा तीन पायऱ्यांत पार पाडतो : जुना आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे आणि नवा आकडा लिहिणे. गणकात ४१ असताना दोन थ्रेडनी तो एकाच क्षणी वाचला, तर दोघेही ४२ हाच आकडा लिहितात. पॅकेट दोन आली, नोंद मात्र एकाची झाली. मोजणीतील ही चूक क्षम्य मानली, तरी हाच प्रकार पॅकेटच्या रांगेत घडल्यास तो महागात पडतो. 'पुढची रिकामी जागा सातवी' असे दोन थ्रेडनी एकदम वाचले, तर दोघेही सातव्या जागेत आपापले पॅकेट ठेवतात आणि पहिले पॅकेट नाहीसे होते. हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविण्याची सोय इंटरनेटच्या नियमांत आहे. त्यामुळे वापरणाऱ्याला दोष दिसत नाही, केवळ संथपणा जाणवतो. अंबड किंवा भोकरदनच्या रास्त धान्य दुकानात ई-पॉस यंत्रासमोर ताटकळणाऱ्या ग्राहकाला ही दिरंगाई तारेतली, टॉवरमधली की सॉफ्टवेअरमधली, हे कळण्याचा मार्गच नसतो.

मध्येच येणारी हाक

ड्रायव्हरची अडचण साध्या प्रोग्रामपेक्षा बिकट असते, कारण पॅकेट येताच नेटवर्क कार्ड 'इंटरप्ट' देऊन प्रोसेसरला हाक मारते. प्रोसेसर हातातले काम जागच्या जागी सोडून त्या हाकेला ओ देतो. समजा, त्या क्षणी ड्रायव्हरने रांगेचे कुलूप, म्हणजे लॉक, स्वतःच घेतलेले आहे आणि इंटरप्टच्या कामालाही तेच कुलूप हवे आहे. कुलूप सुटेपर्यंत इंटरप्टचे काम थांबणार आणि ते संपल्याशिवाय कुलूप सोडणारे मूळ काम पुढे सरकणार नाही. संगणक असा स्वतःचीच वाट पाहत गोठतो. म्हणून लिनक्ससारख्या प्रणालीत असे कुलूप घेण्यापूर्वी त्या प्रोसेसरवरील इंटरप्ट तात्पुरते बंद करण्याची शिस्त आहे.

दुसरा नाजूक प्रसंग ड्रायव्हर बंद करतानाचा. एक थ्रेड स्मृतीतील जागा मोकळी करीत असताना दुसरा थ्रेड त्याच जागेतून पॅकेट वाचत असेल, तर प्रणाली कोसळते किंवा भलतीच माहिती वाचली जाते. येथेही रेल्वेचाच शहाणपणा लागू पडतो : आधी नवी गाडी सोडणे थांबवावे, मार्गावरील शेवटची गाडी निघून गेल्याची खात्री करावी आणि मगच रूळ उखडावा.

कुलपांचा इतिहास

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये केली. त्यांनी सुचविलेल्या साधनाचे 'सेमाफोर' हे नावही रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतलेले आहे. लिनक्सच्या १९९६ मधील २.० या आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांचा वापर शक्य झाला, तेव्हा प्रणालीच्या संपूर्ण गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. मनमाड ते सिकंदराबाद या सबंध मार्गासाठी एकच टोकन असावे, तसा हा प्रकार. त्यात सुरक्षितता होती, पण रांग लांबत असे. पुढे लहान लहान कुलपे आली आणि २०११ मध्ये ते मोठे कुलूप पूर्णपणे हटविण्यात आले.

परंतु कुलपे वाढली की नवा धोका उद्भवतो. एका थ्रेडकडे पहिले कुलूप असते व त्याला दुसरे हवे असते, तर दुसऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. दोघेही कायमचे अडकतात. यालाच 'डेडलॉक' म्हणतात. सर्वांनी कुलपे ठरलेल्या क्रमानेच घ्यावीत, हा त्यावरचा उपाय. हा क्रम मोडल्यास इशारा देणारी व्यवस्था लिनक्समध्ये २००६ मध्ये आली, तर एकाच जागेवरील असुरक्षित वाचन-लेखन हुडकणारे साधन २०२० मध्ये दाखल झाले.

दोष सापडत का नाही?

रेस कंडिशन हजार वेळा तपासूनही दिसत नाही आणि ऐन गर्दीत प्रकटते. शोध घेण्यासाठी प्रोग्राममध्ये नोंदीची एखादी ओळ घातली, तरी तेवढ्या विलंबाने वेळेचा मेळ बदलतो आणि दोष लपून बसतो. डिसेंबर २०१६ मध्ये लिनक्सच्या पॅकेट हाताळणाऱ्या भागात अशी एक त्रुटी उघड झाली. एक थ्रेड पॅकेटच्या रांगेची मांडणी करीत असतानाच दुसरा थ्रेड तिची आवृत्ती बदलू शकत होता आणि त्या फटीतून सामान्य वापरकर्त्याला संगणकाचे सर्वाधिकार मिळविता येत होते. ही त्रुटी २०११ पासून तेथे होती.

अशा दोषाची किंमत १४ ऑगस्ट २००३ रोजी जगाला दिसली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील वीज नियंत्रण कक्षात दोन प्रक्रियांनी एकाच माहितीत एकदम लिहिले आणि धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर मुके झाले. कर्मचाऱ्यांना एक तासाहून अधिक काळ त्याचा पत्ताच लागला नाही. वाहिन्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर हा दोष शोधून काढण्यास तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले.

शर्यतच टाळणे

सर्वांत उत्तम कुलूप म्हणजे ज्याची गरजच पडत नाही ते. आधुनिक नेटवर्क कार्डे आलेली पॅकेट अनेक रांगांत विभागतात आणि प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र रांग मिळू शकते. वाटणीच उरली नाही, तर भांडणही उरत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिलेले छत्रपती संभाजीनगर-परभणी मार्गाचे दुहेरीकरण हा याच विचाराचा रेल्वेतील अवतार होय आणि जालना याच टप्प्यात येते. तरीही दुहेरी मार्ग कुठेतरी सांधे बदलतोच आणि स्वतंत्र रांगाही अखेर एकाच तारेवर उतरतात. त्या सांध्यापाशी टोकनची शिस्त पाळावीच लागते. ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचलेल्या ऑप्टिकल फायबरवर शिधा, पेन्शन आणि पीक विमा यांचे व्यवहार होऊ लागले असताना, न दिसणाऱ्या ड्रायव्हरमधील ही शिस्त केवळ अभियंत्यांची बाब राहिलेली नाही.