इंची लेथवर मिलिमीटरचे आटे: १२७ दात्यांच्या गिअरची करामत ⚙️

जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो. अशा लेथवर १.५ मिमी पिचचे आटे पाडायचे तर गिअर कोणते लावायचे?

समजा लीड स्क्रूला इंचाला ८ आटे आहेत. म्हणजे तो एका फेऱ्यात टूलला ३.१७५ मिमी सरकवतो. आपल्याला जॉबच्या एका फेऱ्यात हवेत १.५ मिमी. १.५ भागिले ३.१७५ म्हणजे बरोबर ६०/१२७. स्पिंडलच्या बाजूला ६० दाती आणि लीड स्क्रूवर १२७ दाती गिअर लावला, की काम झालं.

१२७ च का? १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, अर्थात १२७/५. शिवाय १२७ ही मूळ संख्या, त्यामुळे तिचे तुकडे करून लहान गिअर वापरता येत नाहीत.

छोट्या लेथमध्ये एवढा मोठा गिअर मावत नसेल तर ४७ आणि ३७ ची जोडी चालते. ४७/३७ म्हणजे १.२७०२७, म्हणजे १२७/१०० (१.२७) च्या अगदी जवळ. फरक मीटरमागे साधारण ०.२ मिमी. नट-बोल्टला तो जाणवतही नाही, पण लांब, अचूक स्क्रूसाठी मात्र १२७ च हवा.

⚠️ अशा कामात हाफ नट मध्येच सोडू नका. इंची लेथची थ्रेड डायल इथे उपयोगाची नाही. प्रत्येक कटनंतर टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून सुरुवातीला या, मग पुढचा कट द्या.

तुमच्या लेथचा लीड स्क्रू इंची की मेट्रिक? कमेंटमध्ये सांगा.

#लेथ #आटे #वर्कशॉप