१०० टक्के भरलेला दिवस का कोसळतो?

कोणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कोणी भांडी घासताना. आजचा विषय आहे वेळेचं नियोजन. घाबरू नका, पहाटे पाचला उठा असं मी सांगणार नाहीये. उलट सांगणार आहे की दिवसाचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवा. आणि हे आळशीपणाचं समर्थन नाही, यामागे चक्क गणित आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे सुरुवात सर्व्हरपासून करतो. तुम्हाला वाटेल, एवढे पैसे देऊन सर्व्हर घेतला तर तो १०० टक्के वापरला पाहिजे. पण आमच्या टीममध्ये लोड ७०-८० टक्क्यांच्या वर गेला की अलर्ट वाजतो. सर्व्हर बंद पडलेला नसतो, पण रांग वाढायला लागलेली असते.

या रांगांचा अभ्यास कॉम्प्युटरच्या आधीपासूनचा आहे. डेन्मार्कमध्ये ए. के. एरलांग नावाचे गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचे. किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यावरचा त्यांचा पहिला लेख १९०९ साली आला आणि तिथून रांगांचं शास्त्र सुरू झालं.

त्यातला सगळ्यात साधा हिशोब बघू. काम करणारा एकच आहे. कामं कधीही येतात, कधी छोटी असतात, कधी मोठी. एका कामाला सरासरी १० मिनिटं लागतात. आता तो माणूस ५० टक्के व्यस्त असेल, तर नवीन कामाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के व्यस्त असेल, तर ४० मिनिटं. ९० टक्क्यांना ९० मिनिटं. आणि ९५ टक्क्यांना? १९० मिनिटं! म्हणजे १० मिनिटांच्या कामासाठी तीन तासांवर वाट बघायची.

गंमत बघा, ९० वरून ९५ वर जाताना काम जेमतेम वाढलं, पण थांबणं दुपटीहून जास्त झालं. आपल्याला वाटतं, ‘एवढंसं काम, बसवू कुठेतरी.’ ते एवढंसंच काम संध्याकाळ खाऊन टाकतं.

असं का होतं? कारण रिकामा वेळ साठवता येत नाही. सकाळी अर्धा तास मोकळा गेला, तो दुपारी तीन कामं एकदम आली तेव्हा परत मिळत नाही. कामं जर घड्याळ लावून, ठरलेल्या मापाची आली असती, तर दिवस गच्च भरला तरी चाललं असतं. पण मॅनेजरचा ‘दोन मिनिटं आहेत का?’ असा मेसेज वेळ बघून येत नाही, आणि ती दोन मिनिटं नसतात हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

मग करायचं काय? ऑफिसचे आठ तास धरा. त्यातून मीटिंगचे समजा दोन तास आधीच गेले. उरले सहा. यातल्या साडेचार तासांचंच काम ठरवा. दीड तास मोकळा ठेवा, आणि तोही एका जागी नाही. पाऊण तास जेवणाच्या आधी, पाऊण तास संध्याकाळी. सकाळचं घसरलेलं काम दुपारी सावरता येतं आणि दुपारचं संध्याकाळी. काहीच घसरलं नाही, तर उद्याचं काम आज ओढा. हा वेळ रील्ससाठी नाहीये हं!

‘पण बॉस ऐकतो का?’ बरोबर आहे. म्हणून ‘वेळ नाही’ असं म्हणू नका, रांग दाखवा. ‘सर, हे आज घेतो, पण मग ते दुसरं उद्या दुपारी जाईल. चालेल ना?’ निर्णय त्यांच्याकडे जातो, आणि रात्री अकराला लॅपटॉप उघडायची वेळ बऱ्याचदा टळते. अर्थात सगळ्यांना हे जमेल असं नाही. कॉल सेंटरमध्ये किती माणसं लागतील हे एरलांग यांच्याच सूत्राने काढतात. तिथे किती मोकळीक ठेवायची हे बसणारा माणूस ठरवत नाही, कंपनी ठरवते. डिलिव्हरीवाल्या दादांचंही तेच. ज्यांच्या हातात थोडं तरी आहे, त्यांच्यासाठी हे सांगतोय.

आता घराकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. घरातली कामं सगळ्यात बेभरवशाची. सिलिंडर संपतो, कामवाल्या मावशी सुट्टी घेतात, प्लंबर ‘येतोच’ म्हणून तीन तासांनी येतो. इथे मोकळा वेळ लागतोच. प्रश्न असा, की तो कोणाचा?

भारत सरकारने २०१९ साली लोक वेळ कसा घालवतात याचं सर्वेक्षण केलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे माझं कॅलेंडर सुटसुटीत दिसतं, कारण अचानक आलेली कामं आई किंवा बायको झेलत असते. याला टाइम मॅनेजमेंट म्हणायचं नाही. याला आपला लोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर ढकलणं म्हणतात.

आमच्याकडे आम्ही कामं अख्खी वाटून घेतलीयेत. सिलिंडर, लाइट बिल आणि बाबांची औषधं माझ्याकडे. अख्खी म्हणजे आठवण ठेवण्यासकट. ‘तू सांग, मी आणतो’ असं म्हटलं की आणायचं काम माझं होतं, पण लक्षात ठेवायचं काम तिच्याच डोक्यात राहतं. गोळ्या किती उरल्या हे मीच बघायचं, संपायच्या चार दिवस आधी मीच आणायच्या. तिने विचारायचीही गरज पडू नये.

तर या आठवड्याचा होमवर्क. सात दिवस, न ठरवता आलेलं प्रत्येक काम आणि त्याला लागलेली मिनिटं फोनवर टिपून ठेवा. ऑफिसचं वेगळं, घरचं वेगळं. सातव्या दिवशी रोजची सरासरी काढा. तेवढा वेळ पुढच्या आठवड्यात रिकामा ठेवायचा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही हीच यादी करायला सांगा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून चहा घ्या. कोणाचं काम कोणाकडे जायला हवं, हे त्यातच दिसेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या!