सांभाळणाऱ्याचं चालणं

डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे बहुधा बायकोला, सुनेला किंवा लेकीला, ‘रोज तासभर फिरून ये’ असं सांगणं सोपं. पण घर सोडायचं कुणावर? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तो सलग दहा मिनिटं झाला तरच धरायचा, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात राहिली नाही. म्हणजे अंगणातल्या पाच-सात मिनिटांच्या फेऱ्याही हिशेबात येतात.

वेळ घड्याळापेक्षा घरातल्या कामाला बांधावी: धुणंभांडीवाल्या मावशी आल्या, की चपला पायात. त्या तेवढा वेळ रुग्णाजवळ बसतील का, हे आधी विचारावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत (हे सहसा राहून जातं). संध्याकाळ टाळलेली बरी; अनेक रुग्णांची अस्वस्थता तेव्हाच वाढते. त्यांना सोबत नेता आलं तर छानच, पण ते त्यांचं फिरणं. त्यांच्या पावलानं चालताना आपला श्वास वाढत नाही, लक्षही सगळं त्यांच्याकडे. रात्र जागून काढली असेल, तर त्या दिवशी खुशाल झोपावं. दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायची गरज नाही.