जॉनी हॉजेसचा सूर

7 जुलै 1956. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात मध्यरात्रीच्या सुमाराला ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजत होता. पॉल गोन्साल्विसने टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची सलग 27 आवर्तनं घेतली. श्रोते खुर्च्यांवर चढले, नाचू लागले. आता दंगल होते की काय, या धास्तीने आयोजकांना कार्यक्रम आवरता घ्यायचा होता. एलिंग्टनने बँड थांबवला नाही. त्याने अल्टो सॅक्सोफोन घेऊन बसलेल्या जॉनी हॉजेसला पुढे बोलावलं.

हॉजेस आला. चेहऱ्यावर काही नाही, अंगात हालचाल नाही. त्याने ‘आय गॉट इट बॅड’ हे संथ गाणं वाजवलं, त्यापाठोपाठ ‘जीप्स ब्लूज’. नाचणारी गर्दी ऐकू लागली. या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल, तर 1999 साली निघालेली संपूर्ण आवृत्ती घ्यावी. 1956च्या मूळ तबकडीत काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून बसवले होते. पुढे ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या टेपा हाती आल्यामुळे खरी मैफल पुन्हा उभी करता आली.

जॅझचा अल्टो म्हटलं की बहुतेकांना चार्ली पार्करची विजेसारखी चाल आठवते. हॉजेसचं मोठेपण दुसऱ्याच जागी आहे. तो एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जातो, ती वाट कानाला दिसते. सॅक्सोफोनला ठरलेल्या स्वरांच्या चाव्या असतात. एक दाबली की एक स्वर, दुसरी दाबली की दुसरा. तरीही हॉजेस ओठांची पकड सैल करत आणि चावी सावकाश उघडत खालून वर असा सरकत जातो, की मधली प्रत्येक श्रुती ओली होऊन येते. मराठी श्रोत्याला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ही सरळ मींड आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई ज्या कानांनी ऐकली, त्यांना हॉजेस पहिल्याच भेटीत कळतो. पुढे याच अल्टोवर कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतातली गमकं काढली, तीही या वाद्यात लपलेल्या लवचिकपणाच्या जोरावर.

दुसरी गोष्ट त्याच्या उशिराची. ठेका पुढे जात असतो आणि हॉजेसचा स्वर किंचित मागे रेंगाळून येतो. लय मात्र सुटत नाही. संथ गाण्यात हा उशीर इतका मोलाचा ठरतो, की पुढचा स्वर कुठला असणार हे माहीत असूनही त्याची वाट पाहावीशी वाटते.

हॉजेसचा जन्म 1907चा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वाढला बॉस्टनमध्ये आणि बराचसा स्वतःच शिकला. पोरवयात त्याने सिडनी बेशेला गाठलं. न्यू ऑर्लीन्सचा बेशे सोप्रानो सॅक्सोफोनचा उस्ताद होता, आणि हॉजेसच्या सुरातला ताठ कणा व भावनेची उघड धार त्याच्याकडूनच आली. 1928 साली हॉजेस एलिंग्टनच्या बँडमध्ये दाखल झाला. हा बँड तेव्हा हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये वाजत असे. मधली 1951 ते 1955 ही वर्षं वगळली, तर तो मरेपर्यंत तिथेच राहिला. त्या मधल्या काळात त्याने स्वतःचा बँड चालवला आणि 1954 साली त्यात जॉन कोल्ट्रेन नावाचा एक तरुण वादक होता. कोल्ट्रेनची संथ गाणी ऐकताना हॉजेसची आठवण होते, ती उगाच नव्हे.

एलिंग्टन आणि त्याचा साथीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न हे दोघे हॉजेसचा आवाज मनात धरूनच लिहीत. 1940चं ‘वॉर्म व्हॅली’, 1941चं ‘पॅशन फ्लॉवर’. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात एक अख्खं नाट्य उभं करायची सवय या माणसाला त्या काळाने लावली. 23 जानेवारी 1943ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एलिंग्टनने ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासावरची दीर्घ रचना सादर केली. तिच्यातल्या ‘कम संडे’ या भागात हॉजेसचा अल्टो येतो. मूळ धून तो फारशी मोडत नाही, तान घेत नाही. प्रार्थनेचा एकेक शब्द नीट उच्चारावा तसा स्वर लावत जातो. त्या रात्रीचं प्रत्यक्ष मैफलीतलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. हॉजेसला ओळखण्यासाठी एकच तुकडा निवडायचा झाला, तर हाच निवडावा.

तो वर्षानुवर्षं तेच तेच सोलो वाजवत राहिला, हा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण एकच बंदिश एकाच गायकाच्या तोंडून वीस वर्षं ऐकणाऱ्यांना त्याचं उत्तरही ठाऊक आहे. 1938चं ‘जीप्स ब्लूज’ छोट्या बँडबरोबर तबकडीच्या चौकटीत वाजलेलं आहे. न्यूपोर्टला तेच अख्ख्या बँडच्या आधाराने पसरलं. वाक्यं ओळखीची, पण त्यांचं वजन बदललेलं.

1963च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हा बँड मध्यपूर्वेत आणि भारतीय उपखंडात पाठवला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला, तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसला. मुंबईतही बँड वाजला. गोव्याहून आलेल्या वादकांनी हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुजवलेलं जॅझ या शहराला नवं नव्हतं. केनेडींच्या हत्येनंतर दौरा आवरता घ्यावा लागला.

या प्रवासातून ‘फार ईस्ट सूट’ जन्मलं. त्याचं ध्वनिमुद्रण डिसेंबर 1966मध्ये झालं. त्यातलं ‘इस्फहान’ हा हॉजेसच्या सगळ्या कारकिर्दीचा कळस मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. इराणी शहराचं नाव असलं, तरी स्ट्रेहॉर्नने ही धून दौऱ्याआधीच ‘एल्फ’ या नावाने लिहिली होती. सुरुवातीचीच वरून खाली उतरणारी ओळ ऐकावी. दर पायरीवर तो किती थांबतो, कुठला स्वर नुसता शिवून सोडतो आणि कुठला श्वास संपेपर्यंत धरतो, याकडे कान ठेवावा. बँड मध्येच थांबतो आणि अल्टो एकटाच उरतो, त्या जागा तर पुन्हा पुन्हा ऐकाव्या अशा आहेत.

मे 1967मध्ये स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेला. इस्पितळातून त्याने लिहून पाठवलेली ‘ब्लड काउंट’ ही रचना ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रित झाली. एरवी निर्विकार वाटणारा हॉजेस इथे जवळजवळ ओरडतो. सूर फाटण्याच्या टोकाशी जातो आणि मग मागे येतो. इतका उघडा हॉजेस इतरत्र क्वचितच सापडतो.

11 मे 1970ला न्यूयॉर्कमध्ये दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याला मृत्यू आला. आता आपल्या बँडचा आवाज पूर्वीसारखा राहणार नाही, असं एलिंग्टनने लिहिलं. तेव्हा ‘न्यू ऑर्लीन्स सूट’चं काम अर्ध्यावर होतं. त्यात बेशेच्या स्मरणार्थ एक भाग होता, आणि 1940नंतर जवळजवळ सोडून दिलेला सोप्रानो हॉजेसने त्यासाठी पुन्हा हातात घ्यावा, अशी एलिंग्टनची इच्छा होती. ते राहून गेलं. पण त्याच संग्रहाच्या सुरुवातीला ‘ब्लूज फॉर न्यू ऑर्लीन्स’ आहे, एप्रिलमध्ये झालेलं. वाइल्ड बिल डेव्हिसच्या ऑर्गनच्या साथीने 62 वर्षांचा हॉजेस तिथे ऐसपैस, मजेत, जराही न थकता वाजवतो. नव्याने ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करून मागे मागे 1940पर्यंत जायलाही हरकत नाही.