दात घशात, तोंड वर की खाली? बाजारातल्या माशाची ओळख

वडोदरा : इथल्या बाजारात असो की सीमेपलीकडे नंदुरबारला, कटला, रोहू आणि मृगळ शेजारी ठेवून तोंडं बघा. कटल्याचा खालचा जबडा पुढे, तोंड वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. झालरीच्या ओठांचा रोहू मधल्या थरात शेवाळ, वनस्पती खातो. मृगळचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चिवडतो.

गंमत म्हणजे तिघांच्याही जबड्यात दात नाहीत! ते घशात, कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर असतात. कवटीच्या बुडाशी असलेल्या कडक गादीवर दाबून अन्न भरडलं जातं. डोकं कालवणात टाकायच्या आधी घसा उघडून बघाच. जबडासुद्धा गर्भात अशाच पहिल्या कमानीपासून घडतो, आपलाही.

मत्स्यजिरे असताना तिघंही पाण्यातले सूक्ष्म प्राणीच खातात. वाढताना तोंडाची ठेवण पक्की होते, तशा वाटा वेगळ्या होतात. म्हणून तळ्यात तिघांना एकत्र सोडतात. नुसता कटला भरला तर वर ओढाताण, तळाचं अन्न वाया. १९५९ साली भारतात आणलेला चंदेराही वरच्याच थरात खातो, तो जास्त झाला की कटल्याची वाढ खुंटते. बोटुकली विकत घेतानाच हा हिशोब मांडायला हवा.