‘जवळ’ म्हणजे किती जवळ? : रोजचे शब्द आणि नियमांची भाषा

प्रास्ताविक

2020 च्या उन्हाळ्यातील पुणे आठवा. चौकात अडथळे उभे केलेले, त्यांच्यामागे पोलीस आणि समोर कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ.

“काका, कुठं निघालात?”

“इथंच, जवळ.”

“काय काम?”

“जरा थोडं सामान आणायचंय.”

या उत्तरांत खोटे काही नाही. मात्र माहितीही फारशी नाही. ‘इथंच’, ‘जवळ’, ‘जरा’, ‘थोडं’ हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि कोणाचे काही अडत नाही. शेजाऱ्याने विचारले असते, तर एवढे उत्तर पुरले असते. चौकात ते पुरत नाही, कारण तेथे उत्तरावर परवानगी अवलंबून असते. रोजचा शब्द नियमात शिरला की त्याचे काय होते, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

1. धूसरता आणि अनेकार्थता

शब्दाचा अर्थ निश्चित न होण्याची दोन कारणे वेगळी ओळखायला हवीत.

पहिले कारण धूसरता. येथे अर्थ एकच असतो, पण त्याची सीमा ठरलेली नसते. प्राचीन ग्रीकांनी हे ढिगाच्या कोड्यातून मांडले. तांदळाच्या ढिगातून एक दाणा काढला, तरी ढीग उरतोच. मग एकेक दाणा काढत गेल्यास तो ढीग नेमका कधी नाहीसा होतो? ‘जवळ’, ‘गर्दी’, ‘विनाकारण’ हे शब्द याच जातीचे आहेत. चार माणसे म्हणजे गर्दी नव्हे आणि चारशे म्हणजे गर्दीच. मधली सीमारेषा मात्र कोणीही आखलेली नाही.

दुसरे कारण अनेकार्थता. येथे एकाच शब्दाला वेगवेगळे अर्थ असतात. मागच्या पिढीतील एखादे आजोबा “आमचं कुटुंब माहेरी गेलंय” म्हणत, तेव्हा त्यांना केवळ पत्नी अभिप्रेत असे. शिधापत्रिकेवरील कुटुंब निराळे आणि लग्नपत्रिकेतील ‘सहकुटुंब’ त्याहून निराळे. ‘सामाजिक अंतर’ या शब्दाचेही तसेच झाले. साथीच्या काळात त्याने दोन शरीरांमधील अंतर दाखवले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हा शब्द दोन समाजगटांमधील दुराव्यासाठी आधीपासून परिचित होता. अस्पृश्यतेचा इतिहास असलेल्या समाजात हा जुना अर्थ पुसला जाणे शक्य नव्हते. म्हणूनच अनेकांनी ‘शारीरिक अंतर’ किंवा ‘सुरक्षित अंतर’ असे शब्द सुचवले.

2. गाभा आणि कडा

ब्रिटिश विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1958 मध्ये एक उदाहरण दिले, ते आजही अभ्यासले जाते : ‘उद्यानात वाहनास प्रवेश नाही.’ मोटारीला ही बंदी लागू होते, यात शंका नाही. पण लहान मुलाच्या खेळण्यातील गाडीचे काय? हार्ट यांच्या मते प्रत्येक सामान्य शब्दाला निश्चित अर्थाचा गाभा असतो आणि त्याभोवती अनिश्चिततेची कडा. हाच फलक सारसबागेच्या दाराशी आहे अशी कल्पना करा. स्कूटर अडवली जाईल. बाबागाडी आत जाईल. चाकांची खुर्ची अडवली, तर आपल्याला संतापच येईल. फलकावर यातले काहीच लिहिलेले नसते. आपण नियमाचा हेतू ओळखून अर्थ पुरा करतो.

3. आकडा आणि शब्द

धूसरतेवरचा सोपा उपाय म्हणजे आकडा. जून 2020 मध्ये राज्यात टाळेबंदी शिथिल होताना नागरिकांनी व्यायामासाठी जवळपासच्या मोकळ्या जागा वापराव्यात, असे सांगण्यात आले. महिनाअखेरीस मुंबई पोलिसांनी त्या ‘जवळपास’चे घरापासून 2 किलोमीटर असे माप ठरवून दिले. ढीग कोठे संपतो, हे जणू जाहीर झाले!

तरीही आकड्याने सारे सुटत नाही. एप्रिल 2021 च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार विवाह एकाच सभागृहात, एकच कार्यक्रम म्हणून, 2 तासांत आणि जास्तीत जास्त 25 जणांत उरकायचा होता. नियम मोडणाऱ्या कुटुंबाला 50,000 रुपये दंड होता. येथे आकडे नेमके आहेत. पण मराठी माणसाचे ‘लग्न’ कधी सुरू होते? सीमांतपूजनापासून की मंगलाष्टकांपासून? ते सप्तपदीने संपते की पंगत उठल्यावर? शिवाय दंड ‘कुटुंबा’ला, म्हणजे वराच्या की वधूच्या? आकडा सीमा आखतो, पण ती कोणत्या गोष्टीची सीमा आहे, हे शेवटी शब्दच सांगतो.

4. रिकामी जागा कोण भरतो?

येथवरच्या उदाहरणांवर हसता येते. पुढच्यांवर हसणे कठीण आहे. गप्पांमध्ये शब्दातील रिकामी जागा बोलणारा आणि ऐकणारा मिळून भरतात. नियमात ती जागा ज्याच्या हाती अधिकार असतो, तो भरतो. ‘अत्यावश्यक’ हाच शब्द घ्या. घरकामासाठी येणाऱ्या मावशींचे काम अनेक सोसायट्यांना टाळता येण्याजोगे वाटले. मावशींच्या घरच्या चुलीसाठी मात्र ते अत्यावश्यकच होते. अर्थ ठरला तो फाटकाच्या आतल्या बाजूने.

नोव्हेंबर 2012 मध्ये फेसबुकवरील मजकुरामुळे पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये तेव्हा ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा अर्थाचे शब्द होते. एकाला त्रासदायक वाटणारे वाक्य दुसऱ्याला साधे मत वाटू शकते. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केले. शब्दांची ही धूसरता त्यामागील एक प्रमुख कारण होती.

पुण्याला हा अनुभव त्याहूनही जुना आहे. 1897 चा साथरोग कायदा ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे काय, याची व्याख्या न देताच शासनाला व्यापक अधिकार देत होता. त्याच वर्षी प्लेगच्या निमित्ताने पुण्यातील घराघरांत झालेल्या झडत्यांची आठवण या शहराने दीर्घकाळ जपली.

सारांश

धूसरता हा भाषेचा दोष नाही. तिच्यामुळेच थोड्या शब्दांत पुष्कळ व्यवहार चालतो. सर्व शब्द मोजून-मापून वापरायचे ठरवले, तर साधा निरोपही देता येणार नाही. परंतु ज्या नियमाच्या भंगासाठी शिक्षा आहे, त्यातील शब्दाची सीमा नियम पाळणाऱ्याला आधी कळली पाहिजे. म्हणून कोणताही नियम वाचताना दोन प्रश्न विचारावेत : यातील कोणता शब्द धूसर आहे? आणि त्याचा अर्थ ठरवणार कोण?

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. धूसरता आणि अनेकार्थता यांतील फरक प्रत्येकी दोन मराठी शब्दांच्या आधारे स्पष्ट करा.
2. आपल्या सोसायटीतील, कार्यालयातील किंवा ग्रामपंचायतीतील एक सूचना जशीच्या तशी लिहून घ्या. तिच्यातील धूसर शब्द अधोरेखित करा आणि ती अधिक नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा. नव्या सूचनेतही कोणती धूसरता उरली, ते नोंदवा.